पप्पांची साक्ष

टण्ण.

दुपारचं घर चिडीचूप होतं. धाकटा नुकताच झोपला होता, थोरली शाळेत होती, आणि धाकट्याच्या मानेखाली अडकलेला हात कसा सोडवून घ्यावा या विवंचनेत मी पलंगावर पडून होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटावर काहीतरी उडून आपटलं. चमच्याचा आवाज नव्हता. त्याहून बारीक, खडा लागावा तसा. मग खुर्ची सरकली. मग पप्पा स्वतःशीच म्हणाले, "घ्या! गेली."

मी आत गेले तर पप्पा गुडघे टेकून ओट्याखाली चाचपत होते. ओट्यावर भाजी चिरायची फळी, तिच्यावर माझी सुरी आणि चिमूटभर पांढरा भुगा.

"काय हरवलं, पप्पा?"

"काही नाही. तू पड जा, पोरगं उठेल."

"काही नाही शोधायला कुणी इतकं वाकत नाही."

त्यांनी हात बाहेर काढला. चिमटीत अर्धी गोळी होती, तिला एक केस चिकटलेला. त्यांनी फुंकर मारली, केस काढला आणि गोळी पाण्याशिवायच गिळून टाकली. मग उठून सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. कुठलंही हत्यार वापरलं की पप्पा आधी ते धुऊन ठेवतात, मग बोलतात.

"अर्धीच घेतोय," ते म्हणाले. "दहा दिवस झाले."

"कुठली? मनाची की धडधडीची?"

"दोन्ही."

आमच्या घरात त्या गोळ्यांची हीच नावं होती. एक मनाची, एक धडधडीची.

"कुणाला विचारलंत?"

"कुणाला विचारू? लिहून देणारे डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेले, त्याला चार वर्षं झाली."

ते मला ठाऊक होतं. त्यांची चिठ्ठी मात्र अजून चालत होती. घड्यांवर फाटत आलेली ती चिठ्ठी दर महिन्याला औषधाच्या दुकानात मीच नेत होते. दुकानदार ती उघडूनही बघत नसे. मला पाहिलं की "पप्पांच्या ना?" म्हणायचा आणि पाकिटं काढून ठेवायचा.

"पण असं अचानक का? काही होतंय का तुम्हाला?"

ते खुर्चीवर बसले. पप्पा कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं पाठवतात, पप्पा मागच्या खोलीत त्यांचे प्लास्टरचे साचे ओततात, मेणात एकेक दात बसवतात, शेवटी मोटारीवर घासून चमकवतात. चाळीस वर्षं हेच काम. गल्लीत सगळे त्यांना कवळीकाका म्हणतात.

"परवा एका बाईंनी मापाबरोबर जुना फोटो पाठवलाय," ते म्हणाले. "म्हणतात, माझे होते तसेच दात द्या. पुढचा एक वाकडा होता, तो वाकडाच ठेवा. मी फोटो बघत बसलो आणि मनात आलं, अरे, हिचाही होता की एक वाकडा. तुझ्या आईचा. कुठला गं? डावा की उजवा?"

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले, "सदतीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवली ती. माझा धंदाच दातांचा. आणि मला आठवेना. बरं, आठवत नाही म्हणून वाईट तरी वाटावं? तेही वाटेना. दुसऱ्या कुणाच्या बायकोचं विचारावं तसा नुसता बसून राहिलो."

"डावा," मी म्हटलं. "डावा उजव्यावर चढलेला."

"डावा." एखादं काम लिहून घ्यावं तशी त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात आत धाकट्यानं टाहो फोडला आणि मी धावले. त्या वेळी दारात थांबून "उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊ" एवढंच म्हणायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी त्याला पाजायला बसले.

आई गेली तेव्हा मला सातवा महिना होता. सकाळी ती गॅसपाशी दूध तापवत उभी होती, आणि दूध उतू जायच्या आत गेली. दफनाच्या वेळी पप्पा ताठ उभे होते. सगळे म्हणाले, विश्वासाचा माणूस, बघा कसा खंबीर आहे. चौथ्या दिवशी झाडताना कुणीतरी दारातली आईची चप्पल उचलून आत ठेवली आणि पप्पा फुटले. जमिनीवर बसून, भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून ते रडत होते. तसा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. घर चर्चच्या मंडळीतल्या माणसांनी भरलेलं होतं. माझ्या पोटाकडे बघून एक मावशी म्हणाल्या, "पोरीनं हे बघणं बरं नाही." कुणीतरी डॉक्टरांना घेऊन आलं. त्यांनी नाडी बघितली, पाच मिनिटांत दोन गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "सध्या द्या. पुढे बघू." संध्याकाळपर्यंत पप्पा शांत झाले. सगळ्यांनी प्रभूचे आभार मानले आणि आपापल्या घरी गेले.

पुढे कुणी बघितलंच नाही.

खरं लिहायचं तर मला ते सोयीचं होतं. पप्पा चिडत नसत, हट्ट करत नसत, वाढलेलं जेवत. थोरली जन्मली तेव्हा तिला त्यांच्या हातात दिली, तर ओल्या साच्यासारखी तोलून धरली आणि म्हणाले, "छान आहे. घे." नवरा कौतुकानं म्हणायचा, "तुझे पप्पा म्हणजे देवमाणूस. घरात आहेत की नाहीत, कळतसुद्धा नाही." मीही हसायचे. लहान मूल आणि संसार सांभाळणाऱ्या बाईला घरात एक माणूस तरी असा हवाच असतो, ज्याचं काही करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. पूर्वी पप्पा प्रत्येक कवळीत काहीतरी खोड ठेवायचे. कुणाच्या पुढच्या दातांत बारीक फट, कुणाचा सुळा किंचित पुढे. "माणसाला त्याचं तोंड परत द्यायचं असतं," ते म्हणायचे, "दुकानाच्या पाटीवरचं नाही." या सहा वर्षांत त्यांच्या हातून निघालेली प्रत्येक कवळी सरळ, एका ओळीत, एकसारखी होती. तक्रार कुणाचीच आली नाही. सरळ दातांची तक्रार कोण करतं?

अर्ध्या गोळीवर तिसरा आठवडा लागला तसं घरात कुणीतरी परत यायला लागलं. एके सकाळी मागच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. "माझ्या मेणाला पुन्हा हात लावलास तर बघ! तुझेच दात काढून बसवीन!" मी धावत गेले, तर थोरली डोळे विस्फारून उभी. घाबरली नव्हती.

"आई," ती माझ्या कानात म्हणाली, "आजोबांना राग येतो!"

झाडाला पंख फुटल्यासारखं तिला नवल वाटत होतं. त्या फोटोवाल्या बाईंच्या कवळीत पप्पांनी वाकडा दात बसवला, तीनदा काढून तीनदा बसवला. पण त्याच हातात चहाचा कप असला की चहावर बारीक लाटा उठायच्या. मी दोन्ही पाहिलं. जे हवं होतं तेवढंच मनात धरलं.

आणि मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. ते अधूनमधून येतात, पप्पांच्या स्टुलासमोर साच्यांच्या खोक्यावर बसतात. पप्पांनी त्यांना सांगितलं असावं, कारण मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "कवळीकाका, गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, असं मी कुणाला म्हणणार नाही. देवानं डॉक्टरही दिलेत. पण गोळी सोडली म्हणजे विश्वास वाढला, असंही नाही हो."

"मग सोडू नको म्हणता?"

"सावकाश म्हणतो. मला विचाराल तर ती तुम्हाला इतकी वर्षं द्यायलाच नको होती. पण दिली आहे, अंगात मुरलीय. मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, नीट ऐकून घेतात. आपण जाऊ. सुरू करताना तुम्ही एकटे नव्हतात, मग सोडताना एकटे कशाला?"

पप्पांनी हातातला साचा खाली ठेवला. "सुरू करताना तुम्ही सगळे होतात, पाळकसाहेब. मधली सहा वर्षं एकटाच होतो."

पाळकसाहेबांनी कप उचलला. चहा पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. बुधवारी येतो न्यायला."

बुधवारच्या आधी रविवार आला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत साक्षी असतात. उपदेश झाला की ज्याला बोलायचं त्यानं जागेवर उभं राहायचं आणि देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाचा मूतखडा पडलेला असतो, कुणाची हरवलेली किल्ली सापडलेली असते. लहानपणी आम्ही पोरं किल्लीच्या साक्षीला खुसुखुसू हसायचो. पण एकदा मंडळीसमोर बोललं की ते बोलणं तुमचं एकट्याचं राहत नाही. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, त्याच्यावर आपल्या प्रार्थना रचतात.

त्या रविवारी शिंपीणबाई उभ्या राहिल्या. निम्म्या मंडळीचे कपडे त्याच शिवतात; कुणाची कंबर किती वाढली हे त्यांना पाठ असतं, आणि कधी कुणाला बोलून दाखवत नाहीत. त्यांनी साक्ष दिलीच नाही. "माझा मुलगा सव्वीस वर्षांचा झाला," त्या म्हणाल्या. "मनाच्या गोळ्या घेतो. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील, आईची प्रार्थना कमी पडली." पुढे त्यांना रडू फुटलं. त्या उभ्याच राहिल्या. कुणी हलेना. काही जण पंख्याकडे बघायला लागले.

आणि माझ्या शेजारून पप्पा उठले.

"बाई, रडू नका," ते म्हणाले. "मीपण घेत होतो. सहा वर्षं. लाजेनं मीही कुठं बोललो नाही." ते थांबले. बाई त्यांच्याकडे बुडत्यासारख्या बघत होत्या. "आता सोडल्या. प्रभूनं सोडवलं मला. तुमच्या मुलालाही सोडवेल."

सगळं सभागृह उठलं. टाळ्या, आमेन, हालेलुया. शिंपीणबाईंनी येऊन पप्पांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. थोरली बाकावर उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. पाळकसाहेब तेवढे वाजवत नव्हते.

घरी येताना मी धाकट्याला खांद्यावर घेऊन पप्पांना गाठलं. "पप्पा, सोडल्या कुठं? आज सकाळी माझ्यासमोर अर्धी घेतलीत."

"तिला धीर द्यायचा होता गं. निघून गेलं तोंडातून. अर्ध्यावर आणल्यात, असं म्हणून कुणाला धीर येतो का?"

"मग आता?"

"आता काय? देवाच्या घरात बोललोय. खरं करायला हवं."

घरी आल्यावर ते तडक मागच्या खोलीत गेले. रबराच्या वाडग्यात प्लास्टर कालवलं, उरलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांतून एकेक दाबून त्यात टाकल्या आणि ढवळलं. दहा मिनिटांत त्याचा दगड झाला. तो त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला, वाडगा पिळून साफ केला, धुऊन पालथा घातला. मी दारात उभी होते. पाळकसाहेबांचं बोलणं माझ्या कानावर होतं. पण मला वाटलं, आता शब्द दिलाय तर देव बघेल. हात पुढे करायचा आळस होता; त्याला मी विश्वास म्हटलं.

सोमवार बरा गेला. मंगळवारी ते म्हणाले, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतंय. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. डोळे लाल, झोप लागली नव्हती, आणि तसं म्हणाले नाहीत. बुधवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला, तर पप्पांनी तो घेऊन सांगितलं, "आता काय गरज? सोडल्यात ना." माझ्याकडे पाठ करून बोलत होते.

त्याच दिवशी दुपारी मी जेवण वाढत होते, तर ते ताटावरून उठले आणि जाऊन पुढचं दार उघडलं. उंबऱ्यात उभे राहिले.

"कोण आलं, पप्पा?"

"तुझी आई. चप्पल काढत होती."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. बाहेर ऊन होतं, रस्ता रिकामा होता. ते वळले, माझा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाले, "घाबरू नको. ती नाहीये, मला कळतंय. पण आवाज आला गं. टाचेनं दाबून काढायची ना ती, तसाच."

मग तिथंच, दारात, ते खाली बसले.

"ती दूध तापवत होती ना?"

"हो, पप्पा."

"आणि मी कुठं होतो?"

सहा वर्षांत हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. "मागच्या खोलीत," मी म्हटलं. "मोटार चालू होती."

"म्हणून ऐकू आलं नाही." ते मान हलवत राहिले. "तिनं हाक मारली असेल. म्हणून ऐकू आलं नाही."

आणि ते रडायला लागले. तसंच, भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून. तोच आवाज. सहा वर्षं दाराबाहेर ताटकळत उभं असलेलं सगळं एकदम घरात शिरलं. मी धाकट्याला कडेवर घेऊन त्यांच्या शेजारी टेकले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोरली ताटावरून उठून आली आणि तिनं त्यांचा अंगठा धरला. आईसाठी मीसुद्धा त्या दुपारी पहिल्यांदा पोटभर रडले. आणि मला बरं वाटत होतं, हे सगळ्यात भयंकर. मी मनात म्हणत होते, रडू दे, इतक्या वर्षांचं आहे, निघून जाऊ दे. त्यातलं दुःख किती आणि गोळी तुटल्याचं किती, हे मला ओळखता आलं नाही. हाताखाली त्यांची पाठ ताप आल्यासारखी थडथडत होती, ती थडथडही मी दुःखाच्याच खात्यात घातली.

गुरुवारी सकाळी मी धाकट्याला अंघोळ घालत होते. मागच्या खोलीत मोटार सुरू होती. तिच्या आवाजातच मी वाढलेय. कवळी चाकाला टेकवली की आवाज खाली बसतो, उचलली की वर चढतो. ऐकत नसले तरी ते मला ऐकू येत असतं. साबण धुऊन झाला, पाणी घालून झालं, आणि माझ्या लक्षात आलं की आवाज कधीचा एकाच पट्टीत चाललाय. वर नाही, खाली नाही.

ओल्या पोराला तसंच टॉवेलात गुंडाळून मी धावले. पप्पा स्टुलाशेजारी जमिनीवर होते. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. ओठांच्या कडेनं फेसात थोडं रक्त. वर मोटार फिरतच होती.

मोठ्या दवाखान्यात पाळकसाहेबांच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. फाटकी चिठ्ठी दाखवली, प्लास्टरचंही सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ही धडधडीची गोळी काही आठवड्यांपुरती असते," त्या म्हणाल्या. "शरीराला तिची सवय लागते. घाईत सुरू केली, कुणी फिरून बघितलं नाही, आणि मग त्याहून घाईत तोडली. फिट येणारच. आता परत सुरू करू, आणि अगदी थोडी थोडी खाली आणू. वर्ष लागेल, जास्तही लागेल."

"आणि मनाची?"

"ती कदाचित त्यांना लागतही असेल. आधी मी त्यांच्याशी निवांत बोलेन. बोलल्याशिवाय मी एखादी गोळी देणारही नाही आणि काढणारही नाही."

बाहेर बाकावर पाळकसाहेब बसले होते. मी शेजारी बसले. मग ते म्हणाले, "ते चौथ्या दिवशी रडत होते तेव्हा मीही तिथंच होतो, माहितेय तुला? बायको जाऊन चार दिवस झालेला माणूस रडणार नाही तर काय करेल? पण आम्हाला बघवेना. गोळी त्यांना दिली, गुंगी आम्हाला आली."

"आणायचे मीच, पाळकसाहेब. दर महिन्याला."

त्यांनी "नाही गं" म्हटलं नाही. म्हणून मला ते आवडतात.

तिसऱ्या दिवशी पप्पा उशीला टेकून बसायला लागले. जीभ चावली गेल्यामुळे शब्द जड येत होते. संध्याकाळी शिंपीणबाई भेटायला आल्या, हातात फुलं. "कवळीकाका, असं कसं हो झालं? अशक्तपणा आला का?" आणि मग उजळलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या पप्पांचं ऐकून मीही हिंमत केली. मुलाच्या गोळ्या परवापासून बंद. मीच लपवून ठेवल्यात. म्हटलं, कवळीकाकांना जमलं तर आपल्यालाही जमेल."

पप्पांनी सलाईन लावलेला हात पुढे करून त्यांचं मनगट पकडलं. बाटली हलली.

"बाई, मी खोटं बोललो."

"काय?"

"त्या दिवशी मी घेत होतो. सकाळी घेऊन आलो होतो. सोडल्या त्या तुमच्यासमोर बोलल्यानंतर, खोटं झाकायला. आणि हे झालं." एकेक शब्द ते उचलून ठेवत होते. "आत्ता घरी जा. त्याला सांगा, आईचं चुकलं. आजच त्याच्या डॉक्टरांकडे न्या. आज."

बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. "पण तुम्ही तर देवाच्या घरात..." एवढंच त्या म्हणाल्या आणि फुलं पलंगावर टाकून गेल्या. मागे वळून बघितलं नाही. मुलाला त्यांनी त्याच संध्याकाळी दाखवलं, हे मला पाळकसाहेबांकडून कळलं. तो बरा होता. दोन दिवसांवर निभावलं होतं.

"मला पुढच्या रविवारी मंडळीत ने," पप्पा मला म्हणाले.

"आता बाईंना सांगून झालं ना? घरी या, बरे व्हा, मग बघू."

"आता 'बघू' नको," ते म्हणाले. "तिथं आणखी किती जण बसले होते, कुणाच्या घरात काय चाललंय, तुला काय माहीत?"

तो साक्षीचा रविवार नव्हता. उपदेश संपल्यावर पाळकसाहेबांनी पप्पांकडे बघितलं आणि आपण बाजूला झाले. पप्पा पुढच्या बाकाच्या पाठीला धरून उठले. बाक हलला, त्यांची थरथर त्या लाकडातून पार टोकापर्यंत गेली असावी, कारण त्या टोकाला बसलेल्या माणसानं वळून पाहिलं. मी उठून हात द्यायला गेले तर त्यांनी मान हलवली.

"गेल्या वेळी मी इथं खोटं बोललो," ते म्हणाले. "गोळ्या सोडल्या नव्हत्या. नंतर सोडल्या त्या लाजेनं, विश्वासानं नाही. आणि पडलो. आता परत घेतोय. वर्षभर तरी घेईन. कदाचित एखादी कायमची राहील. देव तरीही माझा आहे."

कुणीतरी खोकलं. शिंपीणबाई तिसऱ्या बाकावर एकट्या बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून.

"माझं बघून कुणी गोळी सुरू करू नका. माझं बघून कुणी बंदही करू नका. आणि..." त्यांनी बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. "आणि कुणाचं माणूस गेलं, तर चौथ्या दिवशीही तिथं बसा. तो रडत असला तरी बसा. दूध तापवत होती माझी बायको. मला अजून रडायचंय."

ते बसले. रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता गुडघ्यावर पसरला. आमेन कुणी म्हटलं नाही. पाळकसाहेबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. एकामागोमाग एक, सगळ्या बाकांवरच्या माना खाली गेल्या.

थोरली माझ्या मांडीवर चढून मागे-पुढे सगळीकडे पाहत होती. मग तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"आई, आजोबा आज खरं बोलले ना?"

"हो, बाळा."

"मग सगळे खाली का बघतायत?"